पोट साफ होण्याचे औषध देताना

(साक्षरता वर्गाच्या रात्रीच्या बैठकीत एका निवृत्त परिचारिकाबाईंनी केलेले भाषण)



गुरुजी मला म्हणाले, "बाई, तुम्ही पुष्कळ वर्षे दवाखान्यात काढलीत. आमच्या मंडळींना घरी उपयोगी पडेल असे काही सांगा."

मी विचार केला. तापाविषयी सांगावे, की जखमेविषयी? मग ठरवले, की माणूस ज्या गोष्टीविषयी बोलायला लाजतो, तिच्याविषयीच बोलावे. म्हणून आज मी परसाकडे होण्याविषयी बोलणार आहे. आजाऱ्याचे पोट साफ होत नसेल, तर त्याला औषध कसे द्यावे, हे सांगणार आहे.

मागे बसलेली तरुण मंडळी हसत आहेत. हसा, पण ऐका. घरात म्हातारे माणूस अंथरुणाला खिळले, की हेच काम आधी पुढे येते.

आपला भाग आता कारखान्यांचा झाला आहे. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना १९५४ साली स्थापन झाला. तिथे पेनिसिलिन हे औषध बनू लागले. पुढे चिंचवड, भोसरी आणि चाकणपर्यंत कारखाने पसरले. औषध बनवणे हे कारखान्याचे काम आहे. पण ते आजाऱ्याला नीट देणे, हे तुमचे आमचे काम आहे. औषध चांगले असले, तरी देण्यात चूक झाली तर अपाय होतो. अशी एक चूक माझ्या हातून झाली होती. ती आधी सांगते.

मी तेव्हा नवी होते. वय लहान, नोकरी नवी. आमच्या वॉर्डात खेड तालुक्यातले एक आजोबा आले. गोठ्यात पाय घसरून पडले होते. खुब्याचे हाड मोडले होते. पायाला वजन बांधून त्यांना निजवून ठेवले होते. दुखणे थांबावे म्हणून जोराच्या गोळ्या चालू होत्या. अशा गोळ्यांनी कोठा जड होतो. म्हणून डॉक्टरांनी पोट साफ होण्याचे पातळ औषध लिहून दिले. मी ते रोज रात्री मोजून देत होते. तक्त्यावर खूणही करीत होते.

सहाव्या दिवशी चादरीवर पातळ डाग दिसले. मला वाटले, औषध जास्त झाले, जुलाब लागले. मी कुणाला विचारले नाही. माझ्याच मनाने औषध बंद केले. तक्त्यावर लिहिले, "जुलाब होतात."

दोन दिवसांनी आजोबांचे पोट फुगले. जेवण नको म्हणू लागले. रात्री काहीबाही बडबडू लागले. तेव्हा आमच्या मोठ्या सिस्टर आल्या. त्या खाटेजवळ बसल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"आजोबा, घट्ट परसाकडं कधी झालं होतं?"

आजोबा म्हणाले, "हितं आल्यापासनं नाही, बाई."

आठ दिवस झाले होते! डॉक्टरांनी तपासले. खाली मळाचा दगडासारखा गोळा अडकला होता. त्याच्या कडेने थोडे पातळ पाणी झिरपत होते. त्यालाच मी जुलाब समजले होते. मग एनिमा द्यावा लागला. दोन दिवस आजोबांचे फार हाल झाले. देवाच्या दयेने ते बरे झाले.

पुढे एकदा मी त्यांना विचारले, "आजोबा, तुम्ही मला सांगितलं का नाही?"

ते म्हणाले, "पोरी, तू माझ्या नातीएवढी. तुझ्याजवळ भांडं कसं मागू? भांडं मागावं लागू नये, म्हणून मी पाणीच पीत नव्हतो."

तेव्हा माझे डोळे उघडले. ते औषध पाण्यावर चालणारे होते. आणि ज्याला मी ते देत होते, तो माणूस पाणीच पीत नव्हता. मी औषध मोजले, पण पाणी विचारले नाही. परसाकडे झाले का, तेही नीट विचारले नाही. मोठ्या सिस्टर मला रागावल्या नाहीत. इतकेच म्हणाल्या, "औषध पाजलं, म्हणजे काम संपलं असं समजू नकोस. तिथून काम सुरू होतं."

आता हे औषध पाण्यावर कसे चालते, ते पाहू.

आपल्या चाकणचा कांदा सगळ्यांना ठाऊक आहे. कांदा बारीक चिरा. त्यावर मीठ घाला आणि घटकाभर ठेवा. काय होते? कोशिंबिरीला पाणी सुटते. आपण पाणी घातलेले नसते. मिठाने ते कांद्यातून ओढून घेतलेले असते.

आपल्या पोटात असेच काहीसे घडते. खाल्लेले अन्न आधी लहान आतड्यात पचते. उरलेला पातळ भाग मोठ्या आतड्यात येतो. हे आतडे सुमारे ५ फूट लांब असते. रोज एक ते दीड लिटर पातळ ऐवज त्यात येतो. आतडे त्यातले बहुतेक पाणी शोषून घेते. मग मळ बांधून येतो. मळ फार वेळ आत राहिला, तर आतडे आणखी पाणी शोषते. मळ सुकतो. कडक होतो. मग माणूस कुंथतो, पण मळ पुढे सरकत नाही.

काही औषधे आतड्यात राहतात आणि पाणी धरून ठेवतात. बाजूचे पाणीही ओढून घेतात. त्यामुळे मळ मऊ होतो आणि सरकतो. पण हे पाणी कुठून येते? ते आपल्याच अंगातून येते. म्हणून औषधाबरोबर पाणी पोटात गेले पाहिजे. नाहीतर पोट साफ होईल, पण अंग सुकेल.

एक गोष्ट मात्र ध्यानात घ्या. मिठाचा दाखला समजण्यासाठी दिला. घरातले मीठ पाण्यात कालवून पिऊ नका. त्याने अपाय होतो.

या जातीची तीन औषधे आपल्याकडे नेहमी मिळतात.

पहिले लॅक्टुलोज. हे गोड आणि दाट असते, पाकासारखे. ते सावकाश काम करते. एक ते दोन दिवस लागतात. सुरुवातीला पोटात वारा धरतो. आज दिले आणि सकाळी काही झाले नाही, म्हणून लगेच दुप्पट देऊ नका. याच्यात थोडी साखर असते. मधुमेह असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

दुसरी एक पांढरी पूड असते. तिचे नाव लांबलचक आहे, पॉलिएथिलीन ग्लायकॉल. नाव पाठ करू नका. पुडीवरचे अक्षर लावून वाचा, म्हणजे झाले. ही पूड सांगितलेल्या मापाच्या पाण्यात विरघळवायची. पूर्ण विरघळली, की सगळे पाणी प्यायचे. हिलाही एक ते तीन दिवस लागतात.

तिसरे मिल्क ऑफ मॅग्नेशिया. नावात दूध आहे, पण ते दूध नव्हे. रंग दुधासारखा, एवढेच. बाटली आधी हलवावी लागते. हे लवकर काम करते, अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत. ज्यांचे मूत्रपिंड बिघडले आहे, त्यांना हे डॉक्टरांच्या सांगण्यावाचून कधीही देऊ नये. त्यातले मॅग्नेशियम रक्तात साचते. माणूस सुस्त होतो. अंगातली ताकद जाते. नाडी आणि श्वास मंद होतात. जीवावर बेतते.

जुन्या काळी एप्सम सॉल्ट घेत. इंग्लंडात एप्सम नावाचे गाव आहे. तिथल्या झऱ्याचे पाणी कडू होते. गुरे त्याला तोंड लावीत नसत, असे सांगतात. तेच पाणी सतराव्या शतकात लोक पोट साफ व्हावे म्हणून पिऊ लागले. त्याच्यातही मॅग्नेशियमच होते.

कुणी विचारील, "बाई, एरंडेलाचं काय?" एरंडेल पाणी धरून ठेवत नाही. ते आतड्याला चाळवते, म्हणून पोटात कळा येतात. महिन्यातून एकदा पोरांना धरून एरंडेल पाजायची चाल आहे. ती सोडून द्या. गरोदर बाईला तर ते देऊच नका. तिला कळा सुरू होतील.

आता मुख्य गोष्ट. औषध देण्याआधी आजाऱ्याला विचारायचे.

पोटात जोरात दुखते का? उलट्या होतात का? पोट फुगून ताणले आहे का? वारा सरतो का? मळात रक्त दिसते का? यांतले काहीही असेल, तर औषधाला हात लावू नका. आतडे कुठेतरी अडले असेल. अपेंडिक्स सुजले असेल. अशा वेळी जुलाबाचे औषध दिले, तर आतडे फुटण्याचे भय असते. वारासुद्धा सरत नाही आणि उलट्या होतात, हे फार वाईट लक्षण आहे. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा. चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात न्या, किंवा पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात न्या. जे जवळ असेल ते गाठा. सकाळ होण्याची वाट पाहू नका.

मग विचारा, मूत्रपिंडाचा, हृदयाचा, यकृताचा आजार आहे का? लघवी जास्त व्हायची गोळी चालू आहे का? दुसरी कोणती औषधे चालू आहेत? काही गोळ्या या औषधाजवळ घेतल्या, तर अंगी लागत नाहीत. दोन्हींत किती तासांचे अंतर ठेवावे, ते डॉक्टरांना किंवा औषधवाल्याला विचारा. लहान मूल असेल, गरोदर बाई असेल, तर आपल्या मनाने काही देऊ नका.

शेवटी विचारा, घट्ट परसाकडे कधी झाले होते? हा प्रश्न मी पुढे जन्मात कधी विसरले नाही. डाग पातळ असले तरी विचारायचे.

आता औषध देऊ. आधी हात धुवा. बाटलीवरचे नाव वाचा. मुदत कधी संपते, ती तारीख वाचा. तुम्ही आता वाचायला शिकला आहात. ही विद्या इथे कामाला येते. औषध बाटलीबरोबरच्या मापाने मोजा. घरातले चमचे लहानमोठे असतात.

आजाऱ्याला उठवून बसवा. तो गुंगीत असेल, त्याला गिळता येत नसेल, तर तोंडात काही ओतू नका. औषध श्वासनळीत जाते आणि माणूस गुदमरतो. औषधानंतर पाणी द्या, दिवसभरही थोडे थोडे देत राहा. मात्र हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजाऱ्याला डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलेले असते. तिथे त्यांचाच शब्द पाळा.

औषधाची वेळ विचार करून ठरवा. सकाळी सहाच्या पाळीला जाणाऱ्याने लवकर लागू पडणारे औषध गाडीत चढण्याआधी घेतले, तर वाटेत त्याची काय दशा होईल? म्हाताऱ्या माणसाला रात्री घाई लागली, तर तो अंधारात धावतो आणि पडतो. मोडलेले हाड मग महिनोनमहिने जुळत नाही. म्हणून वाटेवर दिवा ठेवा. वाटेतली बादली, दोरी, चप्पल उचला. जवळ निजा, किंवा हाकेच्या अंतरावर राहा.

ज्याला उठता येत नाही, त्याला भांडे द्या. पण आधी आडोसा करा. एक लुगडे दोरीवर टाकले तरी पुरते. बाकीच्यांना बाहेर पाठवा. सुनेजवळ मागायला सासरा लाजतो. मग मुलाने द्यावे. हे काम बाईचेच, असे काही नाही. आजाऱ्याला मागावे लागू नये, आपणच विचारावे. नंतर जागा पाण्याने धुवून कोरडी करा. ओली राहिली, तर कातडी सोलते.

आता औषधानंतर काय पाहायचे? मळ मऊ येऊन पोट हलके झाले, की काम झाले. पण पाण्यासारखे जुलाब पुन्हा पुन्हा झाले, तर औषध थांबवा आणि डॉक्टरांना कळवा. जीभ कोरडी पडते का, डोळे खोल जातात का, लघवी कमी होते का, उठताना घेरी येते का, हे पाहा. म्हातारे माणूस अशा वेळी भ्रमिष्टासारखे बोलू लागते. त्याला "वय झालं" म्हणून सोडू नका. त्याच्या अंगातले पाणी आणि क्षार गेलेले असतात. जलसंजीवनीची पुडी आणा. पाकिटावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती कालवा, घोट घोट पाजा, आणि दवाखान्यात न्या.

एका आजारात मात्र हिशेब निराळा आहे. कुणाचे यकृत खराब झाले, की रक्तात विषारी पदार्थ साचतात. माणूस झोपाळू होतो. भलतेच बोलतो. हात थरथरतात. अशा आजाऱ्याला लॅक्टुलोज दिले, की ते विष मळावाटे बाहेर पडायला मदत होते. डॉक्टरांनी हा उपयोग १९६६ साली प्रसिद्ध केला. आजही तो चालू आहे. अशा आजाऱ्याला दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ परसाकडे व्हावे लागते. कमी झाले तर डोके बिघडते. फार झाले तर अंग सुकते. म्हणून रोज मोजावे लागते.

माझ्या ओळखीच्या एक मावशी होत्या. त्यांच्या मालकांना हा आजार होता. मावशी पन्नाशीत लिहायला शिकल्या होत्या, तुमच्यासारख्याच रात्रीच्या वर्गात. त्यांनी मुलाच्या जुन्या वहीत रेघा मारल्या. तारीख, औषध, पाणी, परसाकडे असे चार रकाने केले. अक्षर वेडेवाकडे होते, पण रोजचे होते.

एकदा मालक दुपारी फार झोपू लागले. मुलगा म्हणाला, "आई, उन्हानं थकलेत, निजू दे." मावशींनी वही काढली. दोन दिवस परसाकडेच्या रकान्यात पूज्य होते. त्यांनी मुलाला वही दाखवली आणि रिक्षा बोलवायला लावले. दवाखान्यात डॉक्टरांनी आधी वही पाहिली. काय बिघडले, ते त्यांना लगेच कळले. दोन दिवसांत मालक शुद्धीवर येऊन बोलू लागले. डॉक्टर मावशींना म्हणाले, "ही वही जपून ठेवा. पुढच्या वेळी येताना बरोबर आणा."

तुम्हीही अशी वही करा. त्यासाठी फार शिक्षण लागत नाही. तारीख आणि आकडा लिहिता आला, की पुरे.

जाता जाता धडधाकट माणसांनाही दोन गोष्टी सांगते. आपल्याकडे पुष्कळांचे पोट औषधावाचून साफ होऊ शकेल. कारखान्यात पाळी बदलते, जेवणाची वेळ बदलते. काम सोडून जाता येत नाही, म्हणून माणूस वेग दाबून धरतो. चाळीत एका संडासाला दहा घरे असतात. सकाळी रांग असते, कामाची घाई असते. बायकांना कामावर नीट सोय नसते, म्हणून त्या पाणी पीत नाहीत. वडापाव आणि चहावर दिवस काढतात. मग आतडे रुसते.

वेग आला, की दाबू नका. पाणी प्या. बाजरीची, ज्वारीची भाकरी, मोड आलेली मटकी, पालेभाजी, पेरू, केळे असे खा. जमेल तेवढे चाला. रक्त वाढायच्या लोहाच्या गोळ्यांनी कोठा जड होतो. म्हणून त्या गोळ्या फेकून देऊ नका, डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने जुलाबाचे औषध आठवड्यापेक्षा जास्त घेऊ नका. पन्नाशीनंतर पोटाची सवय अचानक बदलली, वजन उतरले, मळात रक्त आले, तर औषध बदलत बसू नका. तपासून घ्या.

माझे बोलणे संपत आले. थोडक्यात पुन्हा सांगते. वहीत उतरवून घ्या.

आधी विचारा, मग औषध द्या.
पोट दुखत असेल, उलटी होत असेल, तर औषध देऊ नका.
माप बाटलीचे घ्या, घरच्या चमच्याचे नको.
औषधाबरोबर पाणी द्या.
किती वेळा झाले आणि कसे झाले, ते लिहून ठेवा.
आजाऱ्याची लाज राखा.

ते आजोबा घरी निघाले, तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावले. म्हणाले, "पोरी, आता दुसऱ्या कुणाला विचारायला लाजू नकोस." मी पुढे तीस वर्षे वॉर्डात काम केले. रोज सकाळी प्रत्येक खाटेपाशी जाऊन आधी तेच विचारीत असे. तुमच्या घरी कुणी अंथरुणावर असेल, तर आज घरी गेल्यावर तुम्हीही विचारा.